खालून

फोनवर ती म्हणाली होती, फक्त रंग.
राखाडी, चकचकीत, घर विकून देणाऱ्या बाईला हवा तसा.
मी डबे गाडीतच ठेवले
आणि गुडघे टेकून आधी जमिनीचा वास घेतला.

थंडर बे, एप्रिल संपत आलेला.
रस्त्याकडेला काळ्या बर्फाचे ढीग तसेच,
सरोवरावरचा वारा कानात सुया घालणारा.
आउने किवेला, वय ब्याऐंशी,
गॅरेजच्या दारात नवऱ्याचा कोट घालून उभी.

पाहुण्यांची ओळख करून द्यावी
तसे तिने डाग दाखवले.
हे इंजिनचं तेल, लाल फोर्डचं.
गाडी कधीच भंगारात गेली.
हा गंजाचा गोल, कसल्या डब्याचा ते विसरले.
हे मूसचं रक्त. अर्मासने आढ्याला टांगलं होतं,
आठवडाभर मी इथे पाय ठेवला नाही.
आणि ही पांढरी भुकटी,
हिवाळ्यात चाकांना चिकटून येतं ना रस्त्यावरचं मीठ, ते.

मी नखाने खरवडलं.
रस्त्याचं मीठ चाकांखाली साचतं.
हा लोणा मागच्या कोपऱ्यात होता,
जिथे गाडी कधी पोचलीच नसेल.

आमच्या धंद्यात
पाणी कुठे मुरतंय ते आधी बघायचं,
रंगाचं मग बोलायचं.
दोन फुटी प्लास्टिकचा चौकोन,
चारी कडांना चिकटपट्टी, आणि एक रात्र.
थेंब वर धरले तर हवा दमट.
खाली धरले, तर जमिनीचंच काहीतरी आहे.

सकाळी प्लास्टिकच्या पोटाला घाम फुटलेला.
खालचं काँक्रीट तेवढ्याच चौकोनात काळं.
मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,
"खाली काही घातलेलंच नाही."

मग डब्यावर बसून सांगत राहिली.
एकाहत्तर साल. कागद गिरणीतले चौघं,
रात्रपाळी उतरून आलेले, बियरचा एक खोका.
प्लास्टिकचा गुंडाळा आणला होता,
पावती अजून आहे, दाखवू?
आदल्या रात्री पलीकडच्या ह्रिनचुकांचं छप्पर जळालं.
घरात तान्हं मूल, पाऊस लागलेला.
अर्मास शिडी घेऊन गेला, गुंडाळाही घेऊन गेला.
सकाळी सातला काँक्रीटचा ट्रक दारात,
आणि ओला माल कुणासाठी थांबत नाही.
मला सांगितलं ते तिसऱ्या दिवशी,
सगळं घट्ट झाल्यावर.

"पन्नास वर्षं," ती म्हणाली,
"बूट बुरसले, गालिचे कुजले,
आईच्या पेटीतली पत्रं लगदा झाली.
दर वेळी मी त्याला शिव्या घातल्या,
फिनिशमधून. आमच्या शिव्यांना वजन असतं."
आणि ते मूल?
"कॅल्गरीत आहे. नाताळला कार्ड पाठवतो.
कधी पाठवत नाही."

मी सांगितलं, रंग टिकणार नाही.
ओल खालून ढकलत राहील,
वर्षात पोपडे, दोन वर्षांत खपल्या.
"मग?"
मग धुऊ.

मांजराची वाळू तेलावर ओतून टाचेने रगडली,
झाडून काढली, पुन्हा ओतली.
लोणा कोरड्या ब्रशने, पाणी न लावता.
गंजाला लिंबाचं आम्ल.
तेल चहाच्या डागाइतकं उरलं.
मूस मात्र हललं नाही.
मी दोन्ही बाजूंची दारं उघडी टाकली,
ती म्हणाली थंडी येतेय, मी म्हणालो येऊ दे.

दुपारी तिने विक्रीचा कागद मांडीवर घेतला.
घरातले माहीत असलेले दोष, अशा रकान्यात
सावकाश लिहिलं:
गॅरेजमध्ये ओल आहे. खालून येते.
रकान्यात जागा उरली होती.
तिने पेन झटकलं,
आणि पुढे लिहिलं:
प्लास्टिक शेजारच्या छपराला लागलं.

घर विकणारी बाई खोडेल हे, मी म्हणालो.
आउने कागदावर फुंकर घालत होती,
शाई वाळावी म्हणून.