कपाटामागचे ठिपके

रविवारी जिल्ह्याच्या टेबल टेनिस स्पर्धा,
म्हणून शुक्रवारी मी हॉल धुवायला काढला.
नोकरी लागून अकरा दिवस झालेले.
नागाळा पार्कातला जिमखाना, वरचा मजला,
दांडेलीच्या सागवानाच्या पट्ट्या,
आणि त्यांवर पोरांच्या बुटांच्या काळ्या रेघा,
कुणी कोळशानं गुण मांडल्यासारख्या.

घरी मोरीला घालतो तेच आणलं:
अर्धी बाटली अ‍ॅसिड, फिनाईल अंदाजानं,
वर मूठभर धुण्याचा सोडा.
बादली फसफसली.
मला वाटलं, ताकद आली.

काथ्याच्या ब्रशनं, गुडघे टेकून घासलं.
काळं निघालं.
मग चमक निघाली.
वाळल्यावर बघतो तर चार नंबरच्या टेबलाजवळ
पांढरं पडलेलं, परातीएवढं.

सुखटणकर वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"काय ओतलंस?"
"नुसतं पाणी, साहेब."

दुपारी एम-ऐंशीवरून दस्तगीर शिकलगार आले.
ह्या जमिनीचं पॉलिश त्यांच्याच हातचं.
चपला जिन्यातच काढल्या,
पांढऱ्यावर तळहात ठेवला,
बिथरलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
मग मला शेजारी बसवलं.
"वाक. वास घे. कसला यायलाय?"
तुम्हीच घ्या की चाचा, मी म्हटलं.
"माझं नाक गेलं रे. चाळीस वर्षं थिनर आणि स्पिरिट.
घरात आमटी करपली तरी बायकोनं सांगावं लागतंय.
तुझं नाक दे जरा.
तू सांगशील त्यावर औषध.
खोटं सांगितलंस, तर मी खोटंच लावणार."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला,
लांब जाईपर्यंत ऐकू येत होता.
"अ‍ॅसिड," मी म्हटलं. "फिनाईल. सोडा बी हाय."
वकील दारातच उभे होते.
चाचांनी मान हलवली,
कुणी वांग्यांचा दर सांगितल्यासारखी.

"लाकूड तू अजून बघितलंच न्हाईस.
दिसतंय ते वरचं, दुधावरच्या सायीएवढं.
त्याला अ‍ॅसिड नको, अमोनिया नको,
कुणी व्हिनेगर सांगेल, ते बी नको.
तारेची घासणी ह्या जिन्यानं वर आणायची न्हाई.
आधी कोरडं झाड. वाळूचा खडा बुटापेक्षा वाईट.
मग फडकं पिळ.
थेंब पडंना झाला, की परत पिळ.
काळ्या रेघंवर टेनिसचा जुना चेंडू घास, हळू,
पोराचं तोंड पुसल्यागत.
आणि नवी बाटली आली, की पहिलं कपाटामागं.
बोटाएवढं. रात्रभर थांबायचं.
लाकूड सकाळी बोलतंय."

चार नंबरचं टेबल हातभर सरकवून डागावर ठेवलं.
गडहिंग्लजची एक मुलगी त्याच टेबलावर जिंकली.
तिचा घाम जमिनीवर पडला की मी धावत जायचो,
पंच हसायचे.
पुढं चाचांनी तेवढा तुकडा तासला, तीन हात दिले.
वकील माझ्या पगाराबद्दल काहीच बोलले नाहीत,
ते का, मी अजून विचारलेलं नाही.
तरी साडेचारचं ऊन तिरकं आलं
की ती परात दिसते. मला तरी दिसते.

आता चाचा नाहीत.
विकणारे येतात, बाटलीवर लिंबाचं चित्र,
संगमरवर, फरशी, लाकूड, सगळ्याला चालतं म्हणतात.
मी चहा पाजतो आणि कपाट सरकवतो.
मागं ठिपके आहेत, शेजारी पेन्सिलीनं तारखा.
परवा मोजले, एकतीस.
त्यात नऊ पांढरे.

सोमवारपासून सुशांत आलाय, कसबा बावड्याचा.
काल त्यानं काहीतरी वापरलं,
विचारल्यावर म्हणाला, "पाणीच की."
मी त्याला घेऊन खाली बसलो.
माझं नाक चांगलं आहे,
जिन्यातच मला सगळं कळलं होतं.
तरी म्हटलं,
"वाक. तूच सांग, कसला यायलाय?"