बैठक

घोड्याचं नाव वादळ. वय एकोणीस.
पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त,
आता काटोल रोडच्या मागच्या मैदानावर
माझ्यासारख्यांना सोसतो.

मे महिना. सकाळचे साडेपाच,
तरी वाळूत कालच्या पंचेचाळीस अंशांची ऊब.
उईके दफेदार मधोमध उभे, हातात लांब दोर,
दोराच्या टोकाला घोडा, घोड्यावर मी.
रिकिबी काढून घेतल्यात. लगामही.
"हात मांडीवर ठेवा, मॅडम. आता फक्त बसा."

फक्त बसा.
बावीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
मी दुसरं काय केलं?

वादळ दुडकी धरतो आणि मी उडते,
आपटते, पुन्हा उडते,
तर्रीत उसळणाऱ्या हरभऱ्यासारखी.
गुडघ्यांनी चिमटा घेते. चिमटा बसला की
तो मान वर करतो, पाठ खाली घालतो,
नको असलेला हात
खांद्यावरून सरकवावा तसा.
"गुडघे सोडा. खाली काय पाहून राहिल्या?
माती काही पळून नाही चालली.
त्याच्या कानांच्या मधातून पाहा."

तिसऱ्या आठवड्यात
वर्तुळाचं अंडं व्हायला लागलं.
दर फेरीला वादळ आत झुकायचा, डावीकडे.
म्हातारा झालाय, मी म्हटलं.
दफेदारांनी दोर गुंडाळला, मागे जाऊन उभे राहिले,
माझ्या पाठीकडे पाहिलं, माप घेणाऱ्या शिंप्यासारखं.
"घोडा बरोबर आहे. तुमी डावीकडं बसून राहिल्या.
एकाच हाडावर. काहून?"

काहून?
रात्री हिशेब मांडला.
स्कूटरच्या मागे, एका बाजूला पाय टाकून,
पदर चाकात जाऊ नये म्हणून मुठीत आवळून,
धरमपेठ ते महाल, महाल ते धरमपेठ,
बारशी, लग्नं, दवाखाना, सासूबाईंची औषधं,
मांडीवर कधी टिफिन, कधी मुलगा.
अठरा वर्षं.
स्कूटर केव्हाच भंगारात गेली.
कंबर अजून तिच्यावरच बसलेली.
मला माहीत नव्हतं.
वादळला पहिल्याच फेरीत कळलं असणार.

आज उजवं हाड शोधलं.
होतं. खोलवर, न वापरलेलं,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं.
त्याच्यावर हळूच वजन ठेवलं,
श्वास सोडला, खाली, टाचेपर्यंत,
आणि त्याची पाठ वर आली.
मी काही केलं नाही. कंबर नुसती गेली
तो नेत होता तिकडे,
कान, खांदा, कंबर, टाच
एका ओळंब्यात,
एक, दोन,
मोजत होते म्हणून सांगते, आठ पावलं.
नवव्याला मला आनंद झाला
आणि मी डावीकडे घसरले.

दफेदार काही बोलले नाहीत.
दोर मात्र तेवढा वेळ त्यांनी सैल सोडला होता,
हे मला नंतर, घाम पुसताना आठवलं.

घरात शिरले तर ह्यांनी पेपरातूनच विचारलं,
"पडलीस का आज?"
"नाही," म्हटलं. "बसले."