तिसरं शून्य

दसऱ्यानंतर नवीन नियम आला:
ज्याच्या लाइनवर रक्त, त्याच्या खात्यात खर्च.
देवपुजारी साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं
समोसा मोडता मोडता,
"जबाबदारी म्हणजे आकडा, खापेकर.
आकडा नसला की नुसतं भाषण."
मला पटलं होतं. खोटं कशाला बोलू.

त्या महिन्यापासून आमच्या प्रेस शॉपमध्ये
जखमा कमी झाल्या.
म्हणजे कागदावरच्या.
फाटलेलं बोट हळदीनं बुजलं,
चिरलेल्या तळव्यावर इन्सुलेशन टेप बसली,
आणि तुळशीराम उईके, ज्याच्या पावलावर पत्रा पडला,
लंगडत माझ्यापर्यंत आला नि म्हणाला,
"सायकलवरून पडलो म्हणून सांगतो नं, सर.
तुमचा बोनस कायले खराब करा?"
गेटवरचा बोर्ड रोज एकानं वाढला.
अपघाताविना दिवस: २१२.
त्याच्यासमोर उभं राहून मी फोटोही काढला.

दोनशे तेराव्या दिवशी, मे महिन्यातली दुपार,
कॅनमधलं पाणीसुद्धा चहाइतकं गरम,
गुणवंत निनावेची दोन बोटं
साठ टनी प्रेसखाली राहिली.
आवाज काही वेगळा नव्हता.
हे मी अजून कोणाला सांगितलं नाही.
तोच ठोका, रोजचा.
फक्त पुढचा आला नाही.

आणि माझ्या मनात आधी काय आलं?
गुणवंत नाही.
एक लाख चाळीस हजार.
मग, ऑटो कुठं वळवायचा.
सोमवारी पेठेत ईएसआय, तिथं नोंद होते.
वाडीला एक डॉक्टर आहे, पट्टी करतो, कागद करत नाही.
आयसी चौकात सिग्नल लाल.
गुणवंतच्या मांडीवर कँटीनमधली बर्फाची पिशवी,
आत रुमालात गुंडाळलेली त्याचीच बोटं.
ड्रायव्हर म्हणाला,
"बोला बाप्पा लवकर, कोण्या बाजूले?"

सेन्सरवर टेप होती. काळी.
मार्चमध्ये टार्गेट अडलं तेव्हा
मीच म्हणालो होतो,
"लाव नं बे, दोन दिवसाचं तं काम हाय."
नव्या गार्डची मागणी अठरा हजारांची,
तिच्या कोपऱ्यात साहेबांचं अक्षर: पुढच्या क्वार्टरला.
ते अक्षर कोणाच्या खात्यात?
नियमात तो रकाना नव्हता.

"सोमवारी पेठ," मी म्हणालो.
त्या दिवसातलं माझं एकच चांगलं वाक्य,
तेही सिग्नल सुटल्यावर, मागचे हॉर्न वाजवू लागले तेव्हा.

गोळीबार चौकातून त्याचा बाप आला.
हातमागावर चाळीस वर्षं
तुटला धागा जोडत बसलेला माणूस.
पोराच्या पट्टीकडे त्यानं पाहिलं नाही,
माझ्या हातांकडे पाहत राहिला.
"दाहा हायेत," म्हणाला, मोजून.

गुणवंत शुद्धीवर आला
आणि त्यानं पहिलं विचारलं,
"सर, हाप डे तं नाही लावला नं?"

रात्री फॉर्म भरला.
अपघाताचं कारण, छापील:
निष्काळजीपणा. अनवधान. अन्य.
अन्यपुढं दीड इंच जागा.
त्यात मावेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं:
सेन्सरवर टेप, माझ्या तोंडी सांगण्यावरून.
गार्डची मागणी सोबत जोडली आहे,
कोपऱ्यातला शेरा पाहावा.

देवपुजारी साहेबांनी चष्मा काढला.
"असं नसतं लिहायचं, खापेकर. तुझ्याच अंगावर येईल."
"येऊ द्या. पण एकट्याच्या नको."
एवढं बोललो नि घसा कोरडा पडला.
त्यांनी कागद उलटा ठेवला, वर पेपरवेट.
पुढं त्याचं काय झालं ते मला कळलेलं नाही.

बाहेर गेटवर वॉचमन स्टुलावर चढून
आकडे उतरवत होता.
तीन शून्यं लागत होती,
पेटीत दोनच निघाली.
तिसरं मी खडूनं काढलं.
गोल काही नीट आला नाही.