ठोसेघरला मामा

विट्याहून सहाला निघालो,
कराडात मिसळ, साताऱ्यात पेट्रोल,
बोगद्याच्या पलीकडे पाऊस आडवा.

मामा पुढच्या सीटवर,
मांडीवर डबी, डबीत कानाचं यंत्र.
भिजेल म्हणून काढलेलं.
तसंही त्याचा उपयोग नाही, असं त्यांचं मत.
चौतीस वर्षं
चार यंत्रमागांच्या मधोमध उभं राहिल्यावर
कान आपापलं बघतात.

तिकीट, पायऱ्या, शेवाळ,
मीठ-मिरची चोळलेलं कणीस.
गॅलरीत पोचलो, तर समोर काहीच नाही.
म्हणजे पांढरं.
कठड्यापासून सुरू होणारं नुसतं पांढरं,
आणि त्याच्या पोटात कुठंतरी
तो कोसळत होता,
बोलणं तोंडातच राहील असा.

मिरजेचं एक कुटुंब
'पैसे वाया' म्हणत परत फिरलं.
मैथिली माझ्या कानात ओरडली,
'ऐकू तर येतोय ना!'
मग आम्ही दोघांनीही
मामांकडं बघायचं टाळलं.

मामांनी कठड्यावर
दोन्ही तळवे ठेवले होते.
लोखंडी पाइप बारीक थरथरत होता.
'चालू आहे,' ते म्हणाले.
गल्लीतून जाताना भिंतीला हात लावून
असंच सांगायचे ते,
कुणाचे माग चालू, कुणाचे बंद.

तासभर थांबलो.
मग निदान एक सेल्फी म्हणून
पांढऱ्याकडं पाठ केली,
लेन्स पुसली, हसलो.
वळलो, तर पुन्हा पांढरंच.

फोटोत नंतर दिसलं:
आमचे दोन मोठ्ठे चेहरे,
मैथिलीच्या ओल्या बटांमागं
हिरवा-काळा कडा उघडा पडलेला, त्यावर एक उभी रेघ,
आणि कोपऱ्यात मामांची पाठ,
टोपी हातात.

गाडीत बसल्यावर ते बोलले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं:
'ताणा बघितला. एवढा लांब!
वरपासून खालपर्यंत
एक धागा तुटलेला नाही.'
सज्जनगडाचा फाटा गेला.
'खाली गुंडाळतंय कोण,
ते काय दिसलं नाही.'

मैथिलीनं फोन पुढं केला, त्यांनी पाहिला,
'तुम्ही चांगले आलाय' म्हणून परत दिला.

मग यंत्र कानात घातलं.
ते शिटीसारखं वाजलं, गप्प झालं.
कराड येईपर्यंत
मामा वायपर ऐकत होते.