फणसापासून अंतर

हुक्केरी साहेब आधी हात खिशात घालायला लावतात.
मला, पंचांना, डॉक्टर आले तर त्यांनाही.
म्हणतात, मोकळा हात काहीतरी उचलतोच,
आणि उचललेलं पुन्हा होतं तिथं ठेवता येत नाही.

खानापूरच्या अलीकडे, बंद पडलेल्या कौल-कारखान्याची विहीर.
मष्णू चोपडे, रात्रीचा राखणदार,
वर काढून ताडपत्रीखाली.
गर्दीनं सकाळीच निकाल लावलेला:
उडी मारली, दुसरं काय.
साहेब गर्दीला वळसा घालून फणसाकडे गेले
आणि टेपचं टोक माझ्या हाती दिलं.

फणस ते चपला, सोळा फूट चार इंच.
विजेचा खांब ते चपला, एकतीस.
झाड कुणी तोडेल, खांब कुणी हलवेल,
दोन्ही एकदम जात नाहीत, म्हणाले.

चपला काठावर, जोडीनं, टाचा पाण्याकडे.
डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.
बाबू तिनईकर पुटपुटले, काहीतरी काळंबेरं आहे.
इनास बेकरीवाल्यानं छातीवर क्रूस काढला.
तर्क चहाबरोबर, साहेब म्हणाले,
कागदावर फक्त दिसतं ते.
मी लिहिलं. कन्नडमध्ये.

मग नागूबाईंचा जबाब.
त्या मराठीत सांगतात, मी कन्नडमध्ये उतरवते,
परत मराठीत वाचून दाखवते, त्या मान हलवतात.
जेवून गेला. हो. कंदील घेतलेला. हो.
पहाटे पोटात कालवलं म्हणून बघायला आले.
इथं पेन अडलं.
माझी आईही असंच म्हणते,
पण मी लिहिलं तर ते नुसतं पोट दुखणं होतं.

"चप्पल यार इट्टार?" साहेबांनी सहज विचारलं.

"मीच की.
एक फणसाखाली पालथी पडलेली, एक इथं काठावर.
असाच टाकायचा तो, लहानपणापासून.
जोडीनं ठेवल्या, आणि मग आत बघितलं."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

बराच वेळ फक्त कावळे.
साहेबांनी पानावर एक सरळ रेघ ओढली,
बाजूला सही, वेळ,
आणि टेप पुन्हा उघडली.
"अव्वा, दाखवा. कुठली, कुठं."

नागूबाई फणसाखाली जाऊन उभ्या राहिल्या,
पायाच्या अंगठ्यानं मातीवर टेकवून दाखवलं,
आणि हातांचं काय करावं कळेना म्हणून
ते पदरात गुंडाळून घेतले.