फाईल पुसट आहे

बँकेला हवा होता एक चौकोन,
चारी बाजूंनी स्वतःलाच जुळणारा,
कुठंही शिवण दिसू नये असा.
शेजारी शेजारी मांडत गेलं की
अख्खं पान भरावं, आणि कळू नये कुणाला
तो एकच आहे.

ताश्कंदच्या सहाव्या मजल्यावर
तीन आठवडे मी फुलं उचलली, फुलं टाकली.
जुन्या टोप्यांवरची मिरची, सुझनीवरचं डाळिंब,
मदरशाच्या भिंतीवरचे दहा टोकांचे तारे,
सगळे आधीच कुणी ना कुणी वापरलेले:
चहाच्या पुड्यावर, विमानाच्या शेपटीवर,
दंतमंजनाच्या खोक्यावर.
शेवटी झुल्हुमोर म्हणाली, मर्गिलानला जा.
माझा मामा धागे बांधतो.

शेअर टॅक्सी, खिंड, बोगदा, कलिंगडांचे ढीग.
तुर्गुनबॉयमामा अंगणात, तुतीखाली,
समोर चौकटीवर ओढून बसवलेला रेशमी ताणा,
हातात काडी, काडीच्या टोकाला काजळी.
कागद नाही. मोजपट्टी नाही.
बाजेवर एक रेडिओ,
ज्याला आवाज होता, स्टेशन नव्हतं.

मी विचारलं, नक्षी कुठून आणता?
त्यांनी मान वर केली नाही.
"हा विंचू," म्हणाले.
मग थोड्या वेळानं, "विंचू नाही तो.
बापाची पक्कड पडली होती चिखलात,
उचलली तर खाली हे उरलं.
पक्कड म्हणून रेशीम विकतं का कधी?
विंचू म्हटलं की नव्या नवरीसाठी नेतात,
दृष्ट लागत नाही म्हणे."
आणि ही लाट?
"ट्रॅक्टरचं चाक. कापसाच्या शेतात, बासष्ट साली."
ही कंगव्यांची रांग?
"तो कंगवाच." जरासे हसले.
"आईचा. दोन दात पडलेला. मोजून बघ."
मी मोजले.
दर सात दातांनंतर दोघांची जागा रिकामी,
सबंध आठ मीटर.

मग गाठी. चाळीस चाळीस धाग्यांची पेंडी,
जिथं लाल नको तिथं आवळून पट्टी.
बांधलेलं कोरं राहतं, मोकळं रंगतं.
मजिठाच्या कढईतून ताणा वाफाळत वर आला,
सुटला, पुन्हा बांधला गेला,
पिवळ्यात गेला, निळीत गेला.
आणि कितीही आवळा,
गाठीच्या काठाशी रंग थोडा आत शिरतोच,
एक धागा दुसऱ्याच्या पुढं सरकतोच, केसभर.
म्हणून कडा अशा:
बोळक्या तोंडातून आलेल्या शब्दासारख्या,
कळतात, पण ओलसर.
"अब्र," मामा म्हणाले. ढग.
अभ्राला किनार कुठं असते?

घरी येऊन पडद्यावर आणलं सगळं.
संगणक म्हणाला, कडा साफ करू?
एका टिचकीत पक्कड
विंचवाहूनही धारदार झाली.
मागं घेतलं. पुन्हा साफ केलं. पुन्हा मागं.
रात्री दोनपर्यंत एवढंच.
जोडावर एक धागा चुकत होता, तोही तसाच ठेवला.
खोटं कशाला सांगू, त्यात थोडा आळसही होता.

बँकेचं पत्र आलं: फाईल पुसट आहे,
स्पष्ट प्रत पाठवा.
मी लिहिलं: प्रत स्पष्टच आहे. ढग आहे तो.
आठ दिवस कुणी बोललं नाही.
मग पैसे आले. अर्धे मर्गिलानला पाठवले.

नोव्हेंबरात मामांचा फोन.
पेन्शनच्या दिवशी पैशाच्या यंत्रासमोर उभे होते,
कार्ड घातलं, आणि पडद्यावर
आकड्यांच्या मागं, फिकट, पक्कड.
एक, दोन, मग रांगच्या रांग.
"सगळ्या सारख्याच पडल्यात गं," म्हणाले.
"बापाच्या हातून एकदाच पडली होती."
मी काय बोलणार.
"कुठं तरी एक वेगळी असेल म्हणून शोधत बसलो.
मागचे ओरडायला लागले.
यंत्रानं कार्ड गिळलं.
आता उद्या बँकेत जाणं आलं."
मग नुसतीच रेडिओची खरखर, बराच वेळ.
फोन ठेवायचा विसरले होते.