कडेवरचा अर्धा

टेप्लिसच्या पुढे, बीलिनाच्या रस्त्यावर,
काचकारखान्याच्या मागच्या शेडमध्ये
एकवीस वर्षं मी गाड्यांच्या काचा फोडते.
पगार फोडण्याचा नाही, मोजण्याचा.

कडांना चिकटपट्टी, खाली फोटोचा कागद,
अणकुचीदार हातोडी, मधोमध एकच टोला.
काच आधी गप्प राहते,
मग सगळीकडून एकदम पांढरी होते
आणि नंतरही चुटचुटत राहते
गरम तव्यावर राहून गेलेल्या लाहीसारखी.
तेवढ्यात दिवा लावायचा, छाप घ्यायचा.
तीन मिनिटांनंतर काचेची साक्ष धरत नाहीत.

मग कागदावर पाच बाय पाचचा चौकोन.
त्यात चाळीस तुकडे तरी हवेत.
कमी म्हणजे मोठे, आणि मोठा तुकडा म्हणजे सुरी.
लांब निघाला तर मुठीसकट सुरी.
बारीक हवेत, खडीसाखरेएवढे,
म्हणजे गालात रुतले तरी
कोणाच्या तरी आईला चिमट्याने काढता येतील.

नियमातल्या दोन गोष्टींना पहिल्या दिवशी मी हसले होते.
टोला जिथे बसला
त्याच्या भोवतालचं काही मोजायचं नाही.
आणि चौकोनाच्या कडेवर जो तुकडा पडेल
तो अर्धा धरायचा.

मिरेक घर सोडून गेला त्या हिवाळ्यात
बायका विचारायच्या, कसं झालं, काय बोलला जाताना,
टोल्याभोवतीच बोटं फिरवायच्या.
मी म्हणायचे, तिथे नुसता भुगा असतो गं,
जरा लांबून मोजा.

दुसऱ्या पाळीला व्रातिस्लाव असतो.
त्याचा एक कागद एकदा मी पुन्हा मोजला होता.
साडेएकोणचाळीस.
खाली त्याच्या अक्षरात : चाळीस.
"अर्ध्या तुकड्याने कोणाचं नरडं कापलंय, ब्लाझेना?"
बाहेर ट्रक भरून उभा होता, इंजिन चालू.
एकशे नव्वद काचा परत उतरवल्या,
चुऱ्यात घातल्या.
त्याला सहा वर्षं झाली. आम्ही बोलत नाही.
पाळी बदलताना मोजणीची पेन्सिल टेबलावर ठेवून जातो.
टोक काढून ठेवतो, तेवढं मान्य करते.

पास झालेली काच कधी उरत नाही.
ती डब्यात, डब्यातून भट्टीत.
तिच्या जिवावर खरा ठरतो
तिच्या बहिणींच्या कोपऱ्यातला शिक्का,
ज्यांना हातोडीची सावलीही लागलेली नसते :
वर्तुळात ई आणि आठ,
खाली कारखान्याचं नाव, वर्षाचा आकडा,
महिन्यांची टिंबं, माशीने बसून जावं तशी.

काल शेवटची बस.
बाहेर भुरभुर बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास.
पुढच्या सीटवरचा मुलगा मागे वळून
माझ्या खिडकीच्या वाफेवर ट्रॅक्टर काढत होता.
मागचं चाक मोठं करताना कोपरा पुसला गेला
आणि आमचा शिक्का दिसला.
टिंबं मोजली. सवय.
मार्च.
त्या मार्चमध्ये माझी फुफ्फुसं भरली होती,
तीन आठवडे दोन्ही पाळ्या त्याच्या एकट्याच्या.

मुलगा उतरला. ट्रॅक्टरमधून पाणी ओघळायला लागलं.
पलीकडची जागा रिकामी होती,
तिथली काच जुनी, दुसऱ्या कोणाची तरी.
उठायचा कंटाळा आला, असं म्हणू.
टोपी भुवयांपर्यंत ओढली
आणि व्रातिस्लावच्या चाळिसांवर
डोकं टेकलं.

वळणावर खिडकी थोडी कुरकुरली.
उद्या त्याला विचारीन
मार्चमधल्या कडेच्या तुकड्यांचं काय केलंस.
किंवा विचारीन नुसतं,
पेन्सिल इतकी बारीक कशाने तासतोस.